फरशीच्या फटीतलं गवत: उपटायचं, उकळतं पाणी ओतायचं की औषध मारायचं?

आमच्या इमारतीच्या डाव्या अंगाला 36 फूट लांब आणि 4 फूट रुंद बोळ आहे. पुण्यातल्या कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांना असतो तसाच. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला ड्रेनेजचे पाइप आणि खाली दोन बाय दोनची शहाबादी फरशी. मागे पार्किंगमध्ये सात-आठ वर्षांपूर्वी टाकलेले पेव्हर ब्लॉक आहेत. पुढच्या जिन्याच्या पायथ्याशी मूळ बंगल्यातून उरलेल्या काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या आहेत. बारा बिऱ्हाडं, आठवड्यातून एकदा येणारे माळीमामा, आणि वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चानंतर हमखास निघणारा विषय: "त्या गवताचं काय करणार आहात?"

उपाय प्रत्येकाकडे होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मिठावर भरवसा. खालच्या वहिनींनी व्हिडिओ बघून व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणूनही ठेवल्या होत्या. खजिनदारांना एकदाच औषध मारून मोकळं व्हायचं होतं. माळीमामा म्हणाले, "ताई, उपटल्याशिवाय जात नाही, आणि उपटलं तरी जात नाही." हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात घ्यावं असं मला फार वाटलं होतं.

मग दोन पावसाळ्यांपूर्वी मी बोळाचे सहा-सहा फुटांचे सहा पट्टे पाडले. खडूच्या रेघा पहिल्याच सरीत गेल्या, म्हणून भिंतीवर ऑइल पेंटचे ठिपके दिले. प्रत्येक पट्ट्याला एकच उपाय. ऊन तेच, माती तीच, मांजरंही तीच. पार्किंगचा हिशेब वेगळा ठेवला. पुढे जे लिहिते आहे ते त्यातून निघालेलं आहे. तुमच्या घरासमोर नेमकं काय आहे यावर तुमचं उत्तर बदलेल, म्हणून सुरुवात गवतापासून न करता दगडापासून करते.

आधी दगड ओळखा

फुटलेल्या शहाबादी फरशीचा एक तुकडा घ्या. धुऊन कोरडा करा आणि ताज्या फुटलेल्या कडेवर लिंबू पिळा. आमच्या तुकड्यावर लगेच बारीक बुडबुडे आले, सोडा टाकल्यासारखे, आणि अर्ध्या-एक मिनिटाने रस पुसला तर तिथे पांढुरका, खरखरीत डाग राहिला. तेच लिंबू काळ्या पायरीवर पिळलं तर काहीच झालं नाही, पायरी नुसती ओली झाली.

शहाबादी म्हणजे कर्नाटकातल्या कलबुर्गीकडचा चुनखडक. कोटा राजस्थानचा, कडप्पा आंध्रातला, पण जात तीच. कुठलंही आम्ल चुनखडकाला खातं. सिमेंटलाही खातं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्याला दाद देत नाही. पुण्यात अंगणं, बोळ, गच्च्या, जुन्या चाळींचे चौक बहुतेक शहाबादीचे, नवी आवारं कोट्याची नाहीतर पेव्हर ब्लॉकची. म्हणजे इंटरनेटवरचे निम्मे घरगुती उपाय लिंबाच्या एका थेंबात बाद होतात.

दुसरा प्रश्न: दगडाखाली काय आहे? शहाबादी फरशी सहसा सिमेंट-रेतीच्या मालावर बसवलेली असते आणि तिच्या दरजाही मालाने भरलेल्या असतात. दरज म्हणजे दोन फरश्यांमधली फट, हा गवंड्यांचा शब्द. पेव्हर ब्लॉक मात्र वाळूच्या किंवा ग्रिटच्या (बारीक खडीच्या) थरावर नुसते मांडलेले असतात, मधल्या दोन-चार मिलीमीटरच्या फटीत बारीक वाळू. गाडी गेली की ते केसभर हलतात आणि हलणंच अपेक्षित असतं. म्हणून एकाला जो उपाय चालतो तो दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आणि एक गैरसमज. दरजेतलं गवत जमिनीखालून वर येतं असं आपल्याला वाटतं. काही येतं, त्याबद्दल पुढे लिहिते, पण बहुतेक वरूनच पडतं. भेगेत धूळ, कुजलेला पाला, मुंग्यांनी काढलेली माती साठते, त्यात वाऱ्याने आणि पक्ष्यांनी आणलेलं बी पडतं. जूनमध्ये पाऊस आला की अर्ध्या इंच मातीवर सगळं शेत उभं राहतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक चार महिन्यांतच. त्या चार महिन्यांत तुमची दरज म्हणजे रोज पाणी मिळणारी कुंडी असते.

कोण कोण उगवलंय

सगळ्या तणाला एकच औषध नसतं. बोळात वाकून बघितलं तेव्हा निम्म्याहून जास्त मंडळी गरीब निघाली: फरशीला चिकटून पसरणारी दुधी, तीन पानांची आंबोशी, एकदांडी, भुईआवळा, घोळ. यांचं मूळ बारीक असतं, पावसानंतर चिमटीत धरलं की पांढऱ्या दोऱ्यासारखं अख्खं बाहेर येतं. घोळीची मात्र गंमत आहे. उपटून तिथेच ओल्यात टाकली तर पुन्हा मूळ धरते. उचलून न्यावी लागते. (भाजी करायची असेल तर कुंडीतली करा. ड्रेनेजच्या पाइपाशेजारची नको.)

हट्टी दोघं: हरळी आणि लव्हाळा. हरळी फरशीखालून धावते, एका दरजेत तोडली की पुढच्या दरजेत डोकं काढते. लव्हाळ्याला तर जमिनीत गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली. वरची पात ओढली की पात हातात येते आणि गाठ खाली राहते. महापुरात जो वाचतो तो खुरप्याला कशाला घाबरेल?

गाजर गवत ओळखायलाच हवं. आपल्याकडे त्याची नोंद 1955 मध्ये झाली ती पुण्यातच, त्यामुळे थोडी जबाबदारी आपल्यावर आहेच. पांढरी बारीक फुलं यायच्या आधी उपटा आणि हातमोजे घालून उपटा. अनेकांना त्याने अंगावर चट्टे उठतात.

पिंपळ-वडाची रोपं वेगळ्या कारणाने तातडीची आहेत. पक्ष्याच्या विष्ठेतून बी भिंतीच्या कोपऱ्यात पडतं. चार पानांचं रोप चिमटीने निघतं. पेन्सिलीएवढं खोड झालं की ओढल्यावर वरून तुटतं आणि मुळं फरशी उचलायला लागतात. याला पुढच्या रविवारचा वायदा नको.

हाताने: पहिला पट्टा

दरजेत खुरपं शिरत नाही, हे खुरपं घेऊन बसल्यावर कळतं. मामांनी गॅरेजमधून हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा आणला, अर्ध्या भागाला सुती चिंधी गुंडाळून वर दोरा बांधला आणि दाते आपल्याकडे ठेवून दरजेतून ओढला. माती, मुळं, सिगारेटचं एक थोटूक आणि मागच्या दिवाळीतल्या फुलबाजीची तार असं सगळं एका फटक्यात बाहेर आलं. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर असली आडमाप हत्यारं स्वस्तात मिळतात. टोक वाकवलेला जुना स्क्रू-ड्रायव्हरही चालतो. विळ्याने वरचेवर कापणं म्हणजे मात्र केस कापणं आहे.

बोळातल्या सगळ्या दरजा मी मोजल्या. लांबीच्या तीन रेघा आणि आडव्या एकोणीस मिळून 184 फूट भरल्या. एका पट्ट्यात साधारण 30 फूट. पहिल्या वेळी एका पट्ट्याला मला 40 मिनिटं लागली, तीन आठवड्यांनी दुसऱ्या खेपेला 15. म्हणजे अख्खा बोळ पहिल्यांदा चार तासांचा. आमचे मामा अर्ध्या दिवसाचे 400 रुपये घेतात. पावसानंतरच्या दुसऱ्या दिवशी करा. भर पावसात चिखल होतो आणि मेमध्ये मूळ तुटतं. गुडघ्याखाली जेवायचा लाकडी पाट घ्या, उशी भिजते.

फायदा असा की दगड कुठलाही असो, चालतं. शिवाय गवताबरोबर दरजेतली माती निघते आणि हे फारच थोड्या उपायांत होतं. तोटा गुडघ्यांना आणि कमरेला. हरळीपुढे मी दोन महिने टिकले, मग फरशीची एक कड उचलून खालची वेल ओढून काढावी लागली.

उकळतं पाणी: दुसरा पट्टा

घरगुती उपायांतला हा एकच असा निघाला की जो मी आजही करते. उकळत्या पाण्याने पानातल्या आणि कोवळ्या मुळातल्या पेशी फुटतात. तासाभरात दुधी उकडलेल्या पालकासारखी लोळते, दोन दिवसांत तपकिरी होते. दगडाला काही होत नाही, जमिनीत काही राहत नाही.

पण "उकळतं" म्हणजे उकळतं. गीझरचं पाणी पुरत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरून पातेलं खाली आणेपर्यंत निम्मा दम गेलेला असतो. मी वॉचमनच्या खोलीतल्या शेगडीवर पाणी ठेवलं आणि लांब नाळीच्या किटलीने दरजेवर रेघ ओढल्यासारखं ओतलं. फुटाला पाव लिटर धरा, म्हणजे एका पट्ट्याला 8 लिटर, अख्ख्या बोळाला 48. एक लिटर पाणी उकळायला घरच्या शेगडीवर साधारण 11-12 ग्रॅम गॅस जातो. तेव्हा पूर्ण बोळाला अर्धा किलोच्या थोडा वर, म्हणजे घरगुती सिलिंडरचा पंचविसावा भाग. इंडक्शनवर केलं तर लिटरमागे सुमारे 0.1 युनिट. तीन-तीन आठवड्यांनी पावसाळ्यात चार वेळा करायचं म्हटलं तरी हिशेब परवडतो. परवडत नाही ते पातेली वाहणं.

बी उगवून दोन-चार पानं आलेल्या रोपांवर हा उपाय उत्तम. मोठ्या एकदांडीला दोनदा लागतो. लव्हाळा दहा दिवसांनी हसत परत आला. गांडुळं आणि बेडूक दरजेत असतील तर तेही भाजतात, म्हणून आधी झाडूने एकदा हुसकावून घ्या. आणि पायात चपला नकोत, बूट हवेत. पाणी फरशीवरून आपल्याच पायाकडे परत येतं, हा धडा मी डाव्या अंगठ्यावर घेतला आहे.

भाताची पेज, अंडी उकडलेलं पाणी, पास्त्याचं पाणी, जे काही उकळतं म्हणून मोरीत जातं ते दाराशी असलेल्या दरजेवर ओतायची सवय लावलीत तर चार-पाच फुटांचं अंगण वेगळे कष्ट न करता स्वच्छ राहतं. मात्र पेज आणि पास्त्याच्या पाण्यात मीठ नको.

व्हिनेगर आणि मीठ

व्हिनेगरचा तिसरा पट्टा आजही ओळखता येतो, ठिपका न बघता. किराणा दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्केच आम्ल असतं. पानं जळतात, मूळ शाबूत राहतं, तीन आठवड्यांत नवी पालवी. शहाबादी मात्र जिथे जिथे थेंब पडला तिथे फिकट झाली ती झालीच. काळ्या पायऱ्यांच्या दगडाला याने काही होत नाही, पण मग तिथे उकळतं पाणीही चालतंच की. संडास धुवायचं ॲसिड ओतणारे लोकही मी पाहिले आहेत. ते व्हिनेगरच्या कितीतरी पट वाईट, फरशी आणि माल दोन्ही खातं आणि वाफ नाकात जाते.

मिठाला मी पट्टाच दिला नाही. मीठ गवत मारतं यात शंका नाही. प्रश्न ते नंतर जातं कुठे हा आहे. पाऊस आला की विरघळून शेजारच्या मातीत जातं. पलीकडच्या बंगल्यात कंपाउंडलगत कुणीतरी दोन किलो खडे मीठ टाकलं होतं. त्यांचा चांगला डोक्यावर गेलेला कढीपत्ता महिन्याभरात कडेने करपत गेला. सिमेंटच्या ब्लॉकवर पांढरा लोणा फुटतो तो वेगळाच, आणि काँक्रीटमधल्या सळीला मीठ लागणं कुणालाच नको असतं. काकांना हे पटलेलं नाही.

ज्योत आणि फवारा

गॅसच्या छोट्या टॉर्चने चौथा पट्टा भाजला. गवत जाळून राख करायची नसते, नुसती ज्योत फिरवायची. पान बोटात दाबल्यावर काळपट ठसा उमटला की पुरे. परिणाम उकळत्या पाण्याएवढाच, मर्यादाही त्याच. पुण्याच्या जुलैत गवत इतकं ओलं असतं की निम्मा गॅस पाणी सुकवण्यात जातो. शहाबादी थराथराची असते. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि एका फरशीचा रुपयाएवढा पापुद्रा 'टक्' करून उडाला. वर आमच्या भिंतीवरून पाइप गॅसची पिवळी नळी जाते. खजिनदारांनी ती दाखवली आणि मी टॉर्च बंद केला. वाळक्या पाल्याचा, लाकडी फाटकाचा किंवा गॅसच्या नळीचा शेजार असेल तर विचारही करू नका.

पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याचं मशीन पार्किंगमध्ये लावून पाहिलं. बघायला इतकं समाधानकारक दुसरं काही नाही: काळी माती, शेवाळ, गवत सगळं उडतं आणि ब्लॉक नव्यासारखे लाल होतात. घरगुती मशीन मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतं, म्हणजे तासाला 400 लिटरच्या आसपास. टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. खरा घोळ पुढे झाला. फवाऱ्याने गवताबरोबर फटीतली वाळूही नेली. आम्ही ती परत भरली नाही. गणपतीपर्यंत सहा ब्लॉक हलायला लागले आणि रिकाम्या फटीत दुप्पट माती बसली. ऑक्टोबरमध्ये पार्किंग जूनपेक्षा हिरवं होतं. शेवाळामुळे कुणी घसरत असेल तर फवारा जरूर मारा, पण वाळूची पोती आधी आणून ठेवा.

औषध

आता ज्यासाठी बहुतेक जण हे वाचत असतील ते. तणनाशक म्हटलं की आपल्याकडे ग्लायफोसेट. दुकानदार ब्रँडचं नाव सांगेल, बाटलीवर बारीक अक्षरात हेच असतं. पानातून शिरून ते मुळापर्यंत उतरतं, म्हणून हरळी आणि लव्हाळ्यावर त्याचा वचक आहे. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. मोठं आवार आणि खाली लव्हाळ्याची वसाहत असेल, तर फरश्या उचलण्याशिवाय दुसरा तितका परिणामकारक उपाय मी पाहिलेला नाही.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने आदेश काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा असं बंधन घातलं. म्हणजे खजिनदारांनी मार्केट यार्डाकडच्या दुकानातून बाटली आणून, पंप मामांच्या पाठीवर देऊन काम उरकावं, हा बेत तिथेच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत त्याच्या उलट आहे. या वादात मी न्यायाधीश नाही. पण ज्या बोळात पोरं उघड्या पायांनी बॉल आणायला जातात तिथे मला तो वाद नको होता.

कामाच्या दृष्टीनेही अडचणी आहेत, आणि त्या कुणी आधी सांगत नाही. फवारल्यावर काही तास पाऊस नको, आणि जुलैतल्या पुण्यात असे तास कोण लिहून देणार? पानांवर धूळ असेल तर औषध धुळीलाच चिकटतं आणि निकामी होतं. रस्त्याकडेच्या आवारात पानं धुळीने माखलेलीच असतात. परिणाम दिसायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मेलेलं गवत तिथेच पिवळं उभं राहतं, ते शेवटी हातानेच काढावं लागतं. आणि दरजेत पडलेल्या बियांना ते काही करत नाही.

शेजारच्या सोसायटीने त्याच जुलैत एका एजन्सीकडून फवारणी करून घेतली होती. संध्याकाळी चारला माणूस आला, साडेपाचला सर आली. एजन्सीने पुन्हा यायचे वेगळे पैसे मागितले. कंपाउंडजवळच्या जास्वंदीला मात्र नेमकं लागलं. तेव्हा करून घ्यायचंच असेल तर सप्टेंबरच्या उघडिपीत, वारा नसताना घ्या. गवत हिरवंगार आणि वाढीला लागलेलं हवं. पाऊस आला तर पुन्हा फुकट येणार हे आधी लिहून घ्या. मांजर-कुत्री आणि मुलं दिवसभर आत ठेवा, आणि आवारात विहीर किंवा बोअर असेल तर विषय सोडून द्या.

पॅराक्वाट नावाचं औषध कुणी "लगेच जळतं" म्हणून सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ते पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. कुठलंही तणनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

नुसता खराटा, आणि दरज भरणं

पाचव्या पट्ट्यात मी जुलैत एकदा उपटलं आणि नंतर काहीच केलं नाही, फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींना केरसुणीऐवजी खराटा दिला. केरसुणी फरशीवरून सरकते, खराट्याच्या काड्या दरजेत शिरतात. रोज सकाळी उभ्या-आडव्या चार फटक्यांनी रात्रीतून आलेली माती आणि बियांमधून नुकतं निघालेलं पांढरं कोंब, दोन्ही निघून जातं. सहा पट्ट्यांत स्वच्छतेत शेवटी हा दुसरा ठरला. खर्च एका खराट्याचा. मावशींनी "हात दुखतो" म्हणून महिन्याला थोडे वाढवून मागितले. ते सभेत मंजूर करून घ्यायला जो वेळ गेला तेवढ्यात दोन पट्टे उपटून झाले असते.

पहिला नंबर सहाव्याचा, पण त्याला मेपर्यंत थांबावं लागलं. तोवर तो हातानेच उपटत राहिलो. मेच्या पहिल्या आठवड्यात गवंड्याने त्यातल्या दरजा छन्नीने इंचभर खोल मोकळ्या केल्या, ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं आणि एकास तीन सिमेंट-रेतीचा घट्टसर माल थापीने दाबून भरला. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. इथे कंजूषी केली की माल फरशीपासून सुटतो आणि केसाएवढी भेग पडते, आणि गवताला केसाएवढीच लागते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या 30 फुटांत मोजून तीन रोपं आली, तीनही भिंतीलगत, जिथे फरशी आणि भिंत यांच्यामधली भेग भरायची राहिली होती.

माल भरला की पाणी मुरत नाही, हे लक्षात ठेवा. बोळाचा उतार नीट नसेल तर गवत जाऊन डबकं मिळेल. आमचा उतार चेंबरकडे होता म्हणून निभावलं.

पेव्हर ब्लॉकच्या फटीत मात्र सिमेंट भरू नका. हलणाऱ्या ब्लॉकमध्ये कडक माल टिकत नाही, ब्लॉकच्या कडा उडतात, आणि पुढे पाइपलाइनसाठी चार ब्लॉक उचलायची वेळ आली की हातोडाच लागतो. तिथे गवत काढून, फट कोरडी करून, बारीक कोरडी वाळू किंवा चाळलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) झाडूने भरायची, वरून थापायचं, दोन दिवसांनी पुन्हा भरायची. पॉलिमर मिसळलेली, पाणी शिंपडल्यावर घट्ट होणारी वाळूही मिळते. महाग आहे आणि भरताना दोन दिवस तरी कोरडे लागतात, म्हणजे नोव्हेंबर ते मे.

मग तुम्ही काय करावं

तळमजल्याचा फ्लॅट, पुढे आठ-दहा फरश्या: उकळतं पाणी आणि खराटा. दुसरं काही आणू नका.

शहाबादी किंवा कोट्याचं अंगण असेल, बंगला स्वतःचा असेल आणि चार-पाच हजार खर्च करायची तयारी असेल, तर यंदाचा पावसाळा उपटून काढा आणि मेमध्ये गवंडी लावा. आम्हाला तेवढ्यात अख्खा बोळ झाला, पण आमच्या गवंड्याने मागच्या कामाची ओळख धरली होती. भाव करूनच घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर दरजा भरायचा खर्च मालकाचा. तुम्ही खराट्यावर थांबा.

पेव्हर ब्लॉकचं मोठं पार्किंग: मामांकडून एक दिवस गवत काढून घेणं, लगेच वाळू, आणि पुढे रोजचा खराटा. फवाऱ्याचं मशीन वाळूची सोय असेल तरच. खाली लव्हाळा किंवा हरळी माजलेली असेल आणि दोन हंगाम उपटूनही हटत नसेल, तर परवानाधारक माणसाकडून तेवढ्याच तुकड्यावर औषध. सगळ्या आवारावर नाही.

काळ्या दगडाच्या पायऱ्या किंवा जुन्या वाड्याचा चौक: हॅक्सॉचं ब्लेड आणि उकळतं पाणी. जुन्या बांधकामात दगडांमध्ये चुना असतो, त्यामुळे दगड आम्लाला दाद देत नसला तरी दरज देते. तिथे व्हिनेगरही नको आणि नवं सिमेंटही नको. भरायचंच असेल तर चुन्यात भरणारा गवंडी शोधा.

आम्ही उरलेले पाच पट्टे यंदा मेमध्ये मालाने भरून घेतले. फक्त पहिल्या पट्ट्याच्या टोकाला, नळाखाली, फूटभर जागा तशीच ठेवली आहे. तिथे हरळी भरपूर येते. चौथ्या मजल्यावरच्या आजी भाद्रपदात तिथून दूर्वा आणि कंपाउंडच्या कडेचा आघाडा खुडून नेतात, कारण मंडईत जुडीचे किती मागतात हे त्यांना पाठ आहे. गवंडी ती फटही भरायला निघाला होता. आजींनी खिडकीतून हाक मारली, त्याने थापी खाली ठेवली.